एस. पी. रोडवर जोडलेला पीसी

बेंगळुरूत संगणकाच्या धंद्यातल्या कंपन्या आधी आल्या, संगणक जोडून देणारी गल्ली मागून आली. तरीही शहरातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिला पीसी शिरला तो नामांकित कंपनीच्या खोक्यातून नव्हे. तो आला एस. पी. रोडवरून, रिक्षात बसून, चौदा इंची मॉनिटर कुणाच्या तरी मांडीवर. रस्त्याचं पूर्ण नाव सदर पत्रप्पा रोड, पण ते पाटीपुरतं आणि बिलापुरतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग म्हणणारा जितका दुर्मिळ, तितकाच इथे पूर्ण नाव घेणारा.

आधी आलेल्या कंपन्यांपैकी दोघींची मुळं महाराष्ट्रात सापडतात. १९४५ साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ सुरू झाली. तीच पुढची विप्रो. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि देशी कंपन्यांना मोकळं रान मिळालं. विप्रोने बेंगळुरूत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या आसऱ्याने काम सुरू केलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर चालणारा मिनीकॉम्प्युटर बाजारात आणला. दुसरी इन्फोसिस. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ही कंपनी १९८३ मध्ये बेंगळुरूला आली. परदेशातून एक संगणक आणायचा तर परवान्यासाठी दिल्लीतल्या कचेऱ्यांचे उंबरे कसे झिजवावे लागत, हे तिचे एक संस्थापक नारायण मूर्तींनी अनेकदा सांगितलं आहे. कंपनीची ही गत, तर बसवनगुडीतल्या किंवा मल्लेश्वरमच्या मास्तरांनी घरी संगणक घेण्याचा विचारही करायचं कारण नव्हतं.

वाट उघडली ती भलतीकडूनच. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने अमेरिकेत आपला पीसी जाहीर केला. त्यात एक तडजोड होती. कंपनीला घाई होती, म्हणून सगळं घरी न घडवता प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची, असे बाजारात मिळणारे भाग घेतले. बाहेरच्यांना कार्डं बनवता यावीत म्हणून आतल्या जोडणीचा तपशीलही छापून टाकला. आपल्या हक्काचा ठेवला तो मुख्यतः बायोस, म्हणजे यंत्र चालू होताना पहिल्यांदा धावणारा छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅकने तो कायद्याच्या चौकटीत राहून नव्याने लिहून घेतला. १९८४ मध्ये फिनिक्सने तसाच बायोस कुणालाही विकायला काढला. तिथून पुढे तैवानच्या कारखान्यांनी मदरबोर्डांचा पाऊस पाडला. कुणाचाही बोर्ड, कुणाचंही कार्ड, कुणाचाही डबा, आणि तरी सगळं एकमेकांत बसतं. जगभर लोक आज घरच्या टेबलावर संगणक जोडतात ते आयबीएमच्या त्या घाईच्या जोरावर.

भारतात या सोयीला कराची फोडणी मिळाली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात थोडी सैल केली, १९९१ नंतर ती आणखी सुटली. तरी तयार यंत्रावर जकात जबर होती आणि सुट्या भागांचं गणित त्यामानाने सोपं. शिवाय रॅमच्या पट्ट्या आणि प्रोसेसर हे आकाराने काड्यापेटीएवढे आणि किमतीने सोन्यासारखे. सिंगापूरहून येणाऱ्याच्या हातातल्या बॅगेत ते सहज मावत, आणि असा माल या बाजारात येतो हे उघड गुपित होतं. दिल्लीचं नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एस. पी. रोड ही चारही ठिकाणं याच गणितावर वाढली. आपल्याकडे संगणक जोडणं शौक म्हणून रुजलंच नाही. ती मुळात करावर काढलेली पळवाट होती. शौक नंतर चिकटला.

गल्ली म्हणून एस. पी. रोड जिथे आहे, तिथे तो असणं मात्र अगदी जुन्या वळणाचं आहे. १५३७ मध्ये केंपेगौडांनी वसवलेल्या पेठेत अक्कीपेठेत तांदूळ, बळेपेठेत बांगड्या, गाणिगरपेठेत तेली, कुंभारपेठेत कुंभार अशी धंद्यांची वाटणी होती. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने शहर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि मग तीन लाखांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेलं. धनी बदलत राहिले, पेठेत गल्ली ओळखायची ती मालावरूनच. टाउन हॉलकडून चालत निघालं की आधी जे. सी. रोडवर गाड्यांचे सुटे भाग लागतात, मग एस. पी. रोडवर पाण्याचे पंप, मोटारी, नट-बोल्ट, केबलची भेंडोळी, आणि त्यांच्या मधोमध मदरबोर्ड. एका दुकानात ग्राफिक्स कार्ड आणि शेजारच्या दुकानात बोअरवेलचा पंप, हे दृश्य बाहेरून आलेल्याला गमतीचं वाटतं. पेठेच्या हिशेबाने दोन्ही सुटे भागच.

या शेजाराचा फायदा पुढे अनपेक्षितपणे झाला. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानी मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटण्याची साथ जगभर आली. बहुतेक ठिकाणी लोकांनी बोर्ड फेकले. इथे कपॅसिटर, रेझिस्टर आणि आयसी सुटे विकणारी दुकानं त्याच रस्त्यावर होती, कारण शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करणारी इंजिनिअरिंगची पोरं तिथलीच गिऱ्हाइकं. फुगलेले कपॅसिटर काढायचे, त्याच मायक्रोफॅरडचे नवे डाग देऊन बसवायचे, बोर्ड पुन्हा उभा.

१९९७-९८ च्या सुमाराची खरेदी कशी असे? गिऱ्हाईक क्वचितच एकटं येई. सोबत ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ एक भाचा, शेजारी नाहीतर ऑफिसातला सहकारी असायचा. दुकानदार, बहुधा राजस्थानातून आलेल्या व्यापारी घरातला, हिंदी, कन्नड आणि गरजेपुरती इंग्रजी एकाच वाक्यात बोलत कोटेशनचा कागद पुढे सरकवायचा. त्यावर ओळीने प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी ड्राइव्ह, डिस्प्ले कार्ड, साउंड कार्ड, कॅबिनेट, कीबोर्ड, माउस, मॉनिटर. पेंटियमवाला बरा पीसी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाई. तो कागद घेऊन आणखी तीन दुकानं फिरायची, दोनशे-तीनशेच्या फरकावर घासाघीस करायची आणि शेवटी ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’वर, म्हणजे ‘थोडं सांभाळून घ्या’वर, तोड निघायची.

मग सामान मागच्या खोलीत जायचं. खोली कसली, माळाच तो. लाकडी जिना चढून वर गेलं की उघडी कॅबिनेटं, मॉनिटर एकच, आणि स्क्रूड्रायव्हर घेतलेला विशीतला पोरगा. त्याला सगळे ‘इंजिनिअर’ म्हणत. त्याच्याकडे बहुधा पदवी नसे, हात असे. जुन्या एटी पद्धतीच्या मदरबोर्डला वीज देणारे दोन चपटे कनेक्टर होते, पी-८ आणि पी-९. दिसायला सारखे, आणि दोन्ही उलटसुलट बसू शकत. नियम एवढाच की दोघांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. चुकलं तर बटण दाबताक्षणी नवा कोरा बोर्ड गेला. हार्ड डिस्कच्या चपट्या राखाडी पट्टीला एका कडेला लाल रेघ. ती पहिल्या क्रमांकाच्या पिनेकडे. डिस्क आणि सीडी एकाच पट्टीवर असतील तर मागच्या पिनांवरची इवलीशी टोपी, म्हणजे जंपर, हलवून एकाला मास्टर, दुसऱ्याला स्लेव्ह करायचं. प्रोसेसरचा वेगही बोर्डावरचे जंपर बदलूनच ठरे.

पोरगा हे सगळं न बघता करायचा. पहिल्यांदाच संगणक घेणारा मात्र डोळे फाडून बघायचा, आणि घरी दुसऱ्यांदा रॅम घालायची वेळ आली की स्वतःच कॅबिनेट उघडायचा. देशातल्या पहिल्या पिढीच्या हौशी जोडणाऱ्यांचं शिक्षण असं माळ्यावर उभं राहून झालं.

कॅबिनेटच्या मागे, वीज पुरवणाऱ्या डब्यावर म्हणजे एसएमपीएसवर, एक लाल सरकतं बटण असायचं. त्यावर ११५ आणि २३०. कुणी कुतूहलाने ते ११५ वर सरकवलं आणि आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत प्लग घातला की फटाक्यासारखा आवाज, जळका वास आणि खेळ खलास. म्हणून काही दुकानदार त्या बटणावर चिकटपट्टी लावूनच यंत्र देत. एसएमपीएसच्या बाबतीत आणखी एक बाजारू कसोटी होती, हातात धरून वजन बघणं. डब्यावर छापलेले वॉट काहीही असोत, आत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम कमी असेल तर डबा हलका लागतो. ही कसोटी शास्त्रीय नाही, पण अगदी खोटीही नाही. बजेटमध्ये जोडणारा नवशिका आजही पहिली काटछाट एसएमपीएसवरच करतो, कारण ती पडद्यावर दिसत नाही.

स्वस्ताई नेमकी कुठून यायची, हा प्रश्न नीट विचारायला हवा. दुकानदार कमी नफा घ्यायचा हे त्याचं एक उत्तर, आणि ते अर्धंच. दुसरं उत्तर ‘बिल पाहिजे की नको?’ या एका वाक्यात होतं. देशातल्या अशा सगळ्याच बाजारांत एका मालाचे दोन भाव असत. बिनबिलाच्या भावात विक्रीकर वाचे आणि त्याबरोबर वॉरंटीही जाई. ब्रँडेड संगणक महाग का, तर बिघाडाची जोखीम कंपनी घेई. जोडलेल्या संगणकात तीच जोखीम गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोक्यावर घेतलेली असे. हे ज्याला उमगलं त्याने ओळखीचं दुकान धरलं आणि वर्षानुवर्षं सोडलं नाही.

फसवणूक होत नव्हती असं नाही. कमी वेगाच्या पेंटियमवरचे आकडे खरवडून वरचा आकडा छापलेले ‘रीमार्क’ प्रोसेसर जगभरच्या बाजारांत फिरत होते. इंटेलने मग प्रोसेसर आतून ठरावीक गुणकाला कुलूपबंद केले, सीलबंद खोक्यात तीन वर्षांच्या वॉरंटीसह विकायला सुरुवात केली आणि छोट्या जोडणाऱ्यांनाच ‘जेन्युइन इंटेल डीलर’ म्हणून पदराखाली घेतलं. गल्ल्या बंद पाडण्यापेक्षा त्यांनाच विक्रेते करणं शहाणपणाचं, हे त्या कंपनीने लवकर ओळखलं.

आणि मग सेलेरॉन आला. एप्रिल १९९८ मधल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश मेमरीच नव्हती, त्यामुळे त्याची बरीच टर उडाली. ऑगस्टमध्ये आलेल्या ३००-ए मध्ये ती चूक सुधारली होती, आणि नकळत बजेटवाल्यांना घबाड लागलं. बोर्डाच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की बहुतेक ३००-ए प्रोसेसर ४५० ला मुकाट धावत. म्हणजे स्वस्तातल्या चिपमधून जवळजवळ सर्वांत महागड्या पेंटियम-२ चं काम. एएमडीने त्याच वर्षी के६-२ आणला, २००० मध्ये ड्यूरॉन. गल्लीत पहिल्यांदाच ‘इंटेल की एएमडी’ हा वाद सुरू झाला. तो चहाच्या टपरीवर अजूनही चालू आहे.

यंत्र जुळलं, आत घालायचं काय? बहुतेकांच्या डिस्कवर पैसे न मोजलेली विंडोज चढायची, हे काही झाकून ठेवण्यासारखं नाही. दुसरी वाट दाखवणाऱ्यांत बेंगळुरूचे अतुल चिटणीस होते. जर्मनीत जन्मलेले आणि या शहरात स्थायिक झालेले चिटणीस ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाशी जोडलेले होते. १९९६ पासून त्या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळू लागली आणि महिन्याच्या अंकाच्या किमतीत वाचकाला अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम घरपोच झाली. इंटरनेट फोनच्या तारेवरून रडतखडत येत होतं, त्या काळात एवढा मजकूर उतरवून घेणं अशक्य होतं. २००१ मध्ये चिटणीस आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘लिनक्स बँगलोर’ परिषद भरवली. पुढे तिचीच ‘फॉस डॉट इन’ झाली. २०१३ मध्ये ते गेले. लिनक्स चढवताना पोरांना एक गोष्ट मात्र पदरमोड करून कळली. स्वस्त म्हणून घेतलेला अंतर्गत मोडेम निम्मं काम विंडोजकडूनच करून घेतो आणि लिनक्सवर हूं की चूं करत नाही.

या यंत्रांना गिऱ्हाईक फक्त घरातलं नव्हतं. १९९६ मध्ये ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं ते सायबर कॅफे म्हणूनच. पाठोपाठ गल्लोगल्ली जे सायबर कॅफे निघाले, त्यांना ब्रँडेड यंत्रं परवडणारी नव्हती. डीटीपीवाल्यांचंही तेच. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक ज्या फाँटांवर जुळले, त्यांपैकी ‘आकृती’ हे सॉफ्टवेअर बेंगळुरूच्याच सायबरस्केप मल्टिमीडियाचं. बेंगळुरूच्या शेषाद्रीवासू यांचं ‘बरह’ कन्नडसाठी निघालं आणि मराठी टंकायलाही बऱ्याच जणांनी वापरलं. २००१ मध्ये महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर तालुक्याच्या गावांतल्या वर्गांत जे पीसी ओळीने मांडले गेले, त्यांतही जोडलेल्या यंत्रांची भर मोठी होती. त्यांचे भाग लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून आलेले.

पळवाट ज्या कराने निर्माण केली तो करच पुढे संपला. भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत संगणकांवरची आयात जकात शून्यावर आली. त्याच वर्षी एचसीएलने ९,९९० रुपयांचा पीसी जाहीर केला. लॅपटॉप स्वस्त झाले. २००७ मध्ये बेंगळुरूतच फ्लिपकार्ट निघाली आणि भाव विचारायला गल्लीत जायची गरज उरली नाही. एस. पी. रोडचा बाजार यानंतर आटायला हवा होता.

तो आटला नाही, त्याचं गिऱ्हाईक बदललं. ज्याला केवळ संगणक हवा तो दुकान सोडून गेला. ज्याला स्वतः जोडायचा आहे तो येऊ लागला. आता तो भाच्याला आणत नाही, व्हिडिओ पाहून येतो आणि दुकानदाराला चिपसेटचं नाव सांगतो. खेळणारी पोरं, व्हिडिओ कापणारे, घरी कोड लिहिणारे. जून २०१७ मध्ये हिरव्या मार्गावरचं भुयारी चिक्कपेट स्टेशन सुरू झाल्यापासून कॅबिनेटचं खोकं मेट्रोतून नेता येतं. रिक्षावाल्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोयीचं. रविवारी मात्र बहुतेक शटर खाली, हे नवख्याला आधी सांगावं लागतं.

शहरातल्या आयटी कंपन्यांनीही या बाजाराला नकळत एक रसद पुरवली. भाड्याने घेतलेले ऑफिसचे डेस्कटॉप तीन-चार वर्षांनी बदलले जातात आणि त्यांतले बरेच घासूनपुसून पुन्हा विक्रीला येतात. डेलचं किंवा एचपीचं असं जुनं ऑफिसयंत्र घ्यायचं, एसएसडी बसवायची, रॅम वाढवायची, जमलं तर बाहेरून वीज न लागणारं छोटं ग्राफिक्स कार्ड टाकायचं. विद्यार्थ्याला यापेक्षा स्वस्त रस्ता नाही. जे विकलं जात नाही ते भंगारात. त्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक, ई-परिसर, बेंगळुरूजवळ दाबसपेटलाच उभा राहिला.

नव्या भागांच्या बजेटमध्ये गेल्या दहा वर्षांत दोन चिपांनी उलथापालथ केली. जानेवारी २०१७ मधला पेंटियम जी-४५६०, दोन कोर पण चार थ्रेड, आय-३ च्या पोटावर पाय देणारा. आणि फेब्रुवारी २०१८ मधला रायझन ३ २२००-जी, ज्याच्या पोटातल्या ग्राफिक्समुळे वेगळ्या कार्डाचा खर्चच पुढे ढकलता आला. ‘आधी एवढं घे, कार्ड वर्षभराने टाक’ हा सल्ला तेव्हापासून रूढ झाला. करानेही आपली खोड सोडली नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा १७ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८. ही मर्यादा ३२ इंचांवर गेली ती १ जानेवारी २०१९ पासून. तोवर पहिल्यांदा जोडणाऱ्याने लहान पडद्यावर समाधान मानायला एक सरकारी कारण होतं. ग्राफिक्स कार्डांचा भाव तर आभासी चलन खणणाऱ्यांनी २०२१ मध्ये आकाशाला भिडवला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांतल्या इथेरियम या चलनाने खाणकाम बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. ती घ्यावीत की नाही यावर गल्लीत एकमत नाही. पंखा फिरवून बघा, असं जाणते सांगतात.

सर्वांत लहरी भाग कोणता विचाराल तर रॅम. १९९३ च्या जुलैत जपानमधल्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या वेष्टनाला लागणारं रेझिन तिथे बनायचं, आणि जगभर रॅम महागली. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये भूकंप झाला आणि पुन्हा तेच. २०२५ च्या अखेरीला कारण बदललं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, भाव काही महिन्यांत भडकले आणि डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. पहिला पीसी जोडायला निघालेल्याचा हिशेब त्यामुळे पुन्हा १९९९ सारखा झाला आहे. मदरबोर्ड चार स्लॉटांचा घ्यायचा, सध्या रॅमची एकच पट्टी बसवायची, उरलेले तीन स्लॉट रिकामे ठेवायचे आणि भाव उतरायची वाट बघायची.